नारायण मेघाजी लोखंडे : सरकारदरबारी गिरणी कामगारांची बाजू मांडणारा माणूस



दरवर्षी १० जून जवळ आला की आपल्या ग्रुपवर एक पोस्ट फिरते. रविवारची सुट्टी ज्यांच्यामुळे मिळाली त्या नारायण मेघाजी लोखंडे यांना विनम्र अभिवादन, खाली त्यांचा फोटो आणि हात जोडलेले इमोजी. मीही ती कितीतरी वेळा पुढे पाठवली आहे. मागच्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर पाचवीच्या वर्गात तीच माहिती सांगितली. लोखंडेंनी सुट्टी मागितली, इंग्रज सरकारने दिली, एवढंच. तेव्हा एका मुलाने विचारलं की मागितल्यावर मिळते, तर मग माझ्या आईबापांना ऊसतोडीवर रविवार का नसतो. आपल्या धडगाव, अक्कलकुवा भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत तोडीला जातात, हे तुम्हाला सांगायला नको. मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून मग लोखंडेंचं चरित्र शोधून वाचलं, आणि लक्षात आलं की त्या पोस्टमध्ये अर्धीच गोष्ट आहे.

आधी एक दुरुस्ती करते. सरकारी कचेऱ्या आणि शाळा रविवारी बंद असायच्या, त्या लोखंडेंच्या आधीपासून. साहेब लोकांचा चर्चला जायचा दिवस तो. १० जून १८९० ला जे झालं ते मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये. आणि तो निर्णय सरकारने नाही, गिरणी मालकांच्या संघटनेने घेतला. सरकारचा कायदा त्यानंतर आला. आता हे मालक असे अचानक उदार कसे झाले? खरी गोष्ट तिथेच आहे.

लोखंडेंचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. घर माळी समाजातलं, गरिबीचं. मॅट्रिकपर्यंत शिकले. त्या काळात गरीब घरातल्या मुलाने तिथवर पोचणं म्हणजे मोठीच गोष्ट. पुढे रेल्वेत नोकरी केली, पोस्टात केली, आणि मग मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. स्टोअरकीपर म्हणजे मालकाचा माणूस नाही आणि यंत्रावरचा कामगारही नाही. मधला माणूस. हिशोब त्याच्या हातात, आणि डोळ्यांसमोर खात्यातलं सगळं चाललेलं. मला वाटतं त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज या मधल्या खुर्चीत आहे. अर्ज कसा लिहायचा हे त्यांना ठाऊक होतं, आणि कशाबद्दल लिहायचा हेही.

त्यांनी काय पाहिलं? मुंबईतली पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत गिरण्या भराभर वाढल्या आणि १८९० च्या सुमारास कामगारांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. विजेचे दिवे नव्हते, म्हणून उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. उन्हाळ्यात दिवस मोठा, की काम तेरा-चौदा तास. जेवायला ठरलेली सुट्टी नाही. सात-आठ वर्षांची पोरंसुद्धा कामावर. आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच. सणावाराला गिरणी बंद राहायची तेवढंच, आणि रविवारी बऱ्याच ठिकाणी यंत्रं पुसायला बोलवायचे. पगार महिन्याचा, पण तोही उशिरा. यंत्रात हात गेला तर घरी बसायचं.

आता इथे थोडं थांबून साहेबांच्या देशात जाऊ या, कारण तिथलं कळल्याशिवाय इथलं कळत नाही.

इंग्लंडमध्ये लँकेशायर नावाचा परगणा, त्यातलं मँचेस्टर हे कापडाचं गाव. भारतात विकलं जाणारं कापड मुख्यतः तिथून यायचं. मुंबईत गिरण्या निघाल्या तसं तिथल्या मालकांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांच्या व्यापाऱ्यांची संघटना होती, मँचेस्टर चेंबर ऑफ कॉमर्स. या लोकांनी दोन गोष्टींचा पाठपुरावा केला. एक म्हणजे भारतात येणाऱ्या विलायती कापडावरचा आयात कर रद्द करा. यासाठी त्यांनी १८७४ मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज केला, पार्लमेंटमधल्या आपल्या भागातल्या सभासदांना बोलायला लावलं, आणि १८८२ मध्ये तो कर खरोखरच गेला. इथल्या सरकारच्या तिजोरीत खड्डा पडला तरी गेला. दुसरी गोष्ट म्हणजे भारतातल्या गिरण्यांनाही कारखाने कायदा लावा. इंग्लंडमध्ये कामाच्या तासांवर बंधन, मुलांच्या कामावर बंधन. मुंबईत काहीच नाही, म्हणून मुंबईचं सूत स्वस्त पडतं, ही त्यांची तक्रार. बोलताना अर्थात ते भारतीय मजुरांची कणव येते असंच बोलायचे.

याला लॉबी म्हणतात. लॉबी म्हणजे सभागृहाच्या बाहेरची ओसरी. सभागृहात बसायचा अधिकार नसलेली माणसं त्या ओसरीत उभी राहून आतल्या सभासदाला गाठतात, आपलं काम समजावतात. नागरिकशास्त्रात याला हितसंबंधी गट किंवा दबावगट म्हणतात. सत्ता त्यांना नको असते, सत्तेकडून एखादं काम करून हवं असतं.

मुंबईचे मालक तरी गप्प कसे बसतील? त्यांनी १८७५ मध्ये आपली संघटना काढली, बॉम्बे मिल ओनर्स असोसिएशन. त्याच वर्षी मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी पहिलं कमिशन नेमलं होतं. कमिशनपुढे मालकांचं म्हणणं असं की आमचा कामगार सुखी आहे, तो मध्येच विडी ओढायला जातो, गावी जातो, सण भरपूर आहेत, त्याला कायद्याची गरज नाही. त्या कमिशनमधून कायदा काही निघाला नाही. सोराबजी शापुरजी बंगाली नावाचे एक पारशी गृहस्थ मात्र मागे लागले होते. त्यांनी १८७८ मध्ये स्वतः कायद्याचा मसुदा केला, पण मुंबईच्या कौन्सिलात तो मांडू दिला गेला नाही. मग त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना कळवलं.

शेवटी १८८१ मध्ये पहिला कारखाने कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून जास्त काम नाही, महिन्याला चार सुट्ट्या, त्याही मुलांनाच. धोक्याच्या यंत्रांना कुंपण. मोठ्या माणसांसाठी आणि बायांसाठी तासांचं बंधन काहीच नाही. कायदा लागू शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यालाच, आणि तोही वर्षातून किमान चार महिने चालत असेल तर. ही चार महिन्यांची अट लक्षात ठेवा, ती आपल्या खान्देशाच्या कामाची आहे. पुढे येते.

या सगळ्या भांडणात दोन बाजू बोलत होत्या. मँचेस्टरचे मालक आणि मुंबईचे मालक. आपली बहुतेक देशी वर्तमानपत्रं मुंबईच्या मालकांच्या बाजूने. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं बरं का. विलायतेला आपला धंदा बुडवायचा आहे म्हणून हा कायद्याचा पुळका, हे खरंच होतं. पण ज्याच्या नावाने सगळं चाललं होतं तो कामगार कुठेच बोलत नव्हता. त्याला लिहिता येत नव्हतं, आणि कमिशन इंग्रजीत चालायचं.

तिथे लोखंडे आले.

ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' हे वर्तमानपत्र काढलं होतं, ते चालेना. लोखंडेंनी १८८० मध्ये ते मुंबईत आणून आपल्या हातात घेतलं. मुंबईतल्या सत्यशोधक तेलुगू कंत्राटदारांनी पैशाची मदत केली. गिरणीतली नोकरी सुटली आणि संपादकी सुरू झाली. गिरण्यांमधली हकिगत पहिल्यांदाच कामगाराच्या बाजूने मराठीत छापली जाऊ लागली.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने दुसरं कमिशन नेमलं. लोखंडेंनी ही संधी बरोबर हेरली. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ ला परळला कामगारांच्या सभा घेतल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन नावाची संस्था काढली, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनला दिला. दारोदार, चाळीचाळीतून साडेपाच हजार सह्या आणि अंगठे जमवायचे म्हणजे काय ते आपल्याला कळेल. आपण सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घेतो तेव्हा पन्नास घरांत दमतो.

मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा लुळा झाला तर त्याच्या पोटाची सोय. पाहा, पगारवाढ मागितलेलीच नाही. साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे आजच्या हिशोबाने अकरा-बारा तास, तेवढेच त्यांना आधीच्या मानाने सुखाचे वाटत होते.

त्या संस्थेबद्दल अभ्यासक एक गोष्ट नेहमी सांगतात. तिला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, नियमावली नव्हती, फंड नव्हता. म्हणून ती खरी कामगार संघटना नव्हतीच, असं काहींचं मत. असेल. मला मात्र वाटतं की ती वेगळ्या कामासाठी होती. संप करायला फंड लागतो, सरकारकडे बाजू मांडायला सह्या, वर्तमानपत्र आणि साहेबाच्या टेबलापर्यंत पोचणारा एक माणूस लागतो. मँचेस्टरचा चेंबर आणि मुंबईचे मालक जे पैशाच्या जोरावर करत होते, तेच लोखंडेंनी बिनपैशाने केलं. भारतीय कामगारांचा हा पहिला दबावगट.

या कमिशनपुढे आपल्या खान्देशचीही साक्ष झाली. इथल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये हंगामात बाया आणि पुरुष दिवसरात्र कामाला जुंपलेले असतात, तीच माणसं सलग आठ-आठ दिवस, असं तिथे नोंदवलं गेलं. आजही नंदुरबार-शहाद्याकडे जिनिंग सुरू झालं की रस्त्याकडेला कापसाच्या गाड्यांची रांग लागते, त्या ठिकाणी त्या काळातली ती बाई डोळ्यांसमोर आणून बघा.

कमिशनने काही चांगल्या शिफारशी केल्या, पण सरकारने अंमलात आणल्या नाहीत. अर्ज गेला दप्तरात. लोखंडेंनी 'दीनबंधू'तून तोच विषय चालू ठेवला.

मध्ये एक गोष्ट सांगून टाकते, कारण आपण मोठ्या माणसांचं फक्त कौतुक सांगतो. १८८३ मध्ये फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याची प्रकरणं लोखंडेंनी 'दीनबंधू'त छापायला घेतली आणि दोन छापून थांबवली. सरकारवरची टीका फार जहाल वाटली असावी. फुले यामुळे चिडले, संपादक भित्रा आहे असं त्यांनी लिहूनही ठेवलं. लोखंडे खरंच सावध माणूस होते. सरकारला दुखवायचं नाही, सभ्य भाषेत अर्ज करायचा, ही त्यांची रीत. ओसरीत उभं राहायचं तर घरमालकाला शिव्या देऊन चालत नाही. यात त्यांचं चुकलं की बरोबर, याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. पण नातं तुटलं नाही. पुढे ११ मे १८८८ ला मांडवीला जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली गेली, त्या समारंभामागेही लोखंडे होते.

१८८८ मध्ये मँचेस्टरच्या चेंबरने पुन्हा ठराव केला की इंग्लंडचेच कारखाने कायदे भारताला लावा. पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले जाऊ लागले. मार्च १८९० मध्ये बर्लिनला युरोपातल्या देशांची कामगारविषयक परिषद झाली, इंग्लंड तिथे होतं. म्हणजे कायदा येणार हे मुंबईच्या मालकांनाही दिसू लागलं. लोखंडेंनी १८८९ मध्ये पुन्हा अर्ज पाठवला होता. आता त्यांनी थेट मालकांच्या संघटनेकडे मागणी नेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १८९० साली, दहा हजार माणसांपुढे! मुलींना हे आवर्जून सांगा.

सभेनंतर दीड महिन्याने, १० जून १८९० ला, मिल ओनर्स असोसिएशनने रविवारची सुट्टी मान्य केली. सभेचा जोर होताच. पण माझा अंदाज असा की कायदा डोक्यावर आलाच आहे तर त्यातलं सोपं ते आधी आपणच देऊन टाकावं, हाही हिशोब असणार. दोन मोठ्या धनवानांचं भांडण चालू असताना तिसऱ्या गरिबाने नेमक्या वेळी आपला पाय दारात घातला.

त्याच वर्षी भारत सरकारने कारखान्यांसाठी कमिशन नेमलं. सोराबजी बंगाली त्यात होते आणि मुंबईपुरते स्थानिक सभासद म्हणून लोखंडेंनाही घेतलं. सहा वर्षांपूर्वी बाहेरून अर्ज देणारा माणूस आता टेबलाच्या आतल्या बाजूला बसला. गिरणीत जाऊन साक्षी घेताना कामगारांची भाषा कळणारा माणूस आत असणं याचा फरक पडतोच. १८९१ मध्ये सुधारित कायदा झाला. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सगळ्या कामगारांना मिळाली. बायांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा. मुलांचं किमान वय नऊ, आणि चौदापर्यंत सात तासच काम. कायदा आता शंभरऐवजी पन्नास माणसांच्या कारखान्यालाही लागू.

आता ते पाच मुद्दे पुन्हा घ्या. मी फळ्यावर लिहिते आणि पुढे साल घालते. रविवारची सुट्टी, १८९१. दुपारची विश्रांती, १८९१. मोठ्या पुरुषांच्या कामाचे तास मात्र १९११ पर्यंत मोकळेच होते. तेव्हा कापड गिरण्यांसाठी बारा तासांची मर्यादा आली. जखमी कामगाराला भरपाई, १९२३. पगार वेळेवर देण्याचा कायदा, १९३६. म्हणजे १८८४ मध्ये परळच्या सभेत असलेला तरुण पगाराच्या तारखेची वाट बघत म्हातारा झाला.

असं का झालं? गिरणी आठवड्यात एक दिवस बंद राहिली तर मुंबईचं सूत थोडं महाग होतं, त्यात मँचेस्टरचा फायदा. मुंबईच्या विणकराला पगार पाच तारखेला मिळाला की पंचविसाव्या, याच्याशी मँचेस्टरला देणंघेणं नव्हतं. जी मागणी बड्याच्या सोयीची होती तिला वारा मिळाला, जी फक्त कामगाराची होती ती मागे राहिली. आणि आपलं खान्देशचं जिनिंग? ते हंगामी, चार महिन्यांच्या आत संपणारं. त्या अटीमुळे ते कायद्याबाहेर राहिलं ते १९११ पर्यंत. जिन काही मँचेस्टरशी स्पर्धा करत नव्हते, उलट त्यांच्यासाठी रुई साफ करत होते. आणि आपल्या जिनातल्या बायांसाठी सह्या गोळा करणारा लोखंडे इकडे कोणी नव्हता. मँचेस्टरची कणव किती खरी होती तेही पुढे दिसलं. १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के कर बसला, तर त्यांच्या दबावाने भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवून घेतला गेला.

पुढचं आयुष्य थोडक्यात. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली, गिरणगावही पेटलं. लोखंडेंनी राणीच्या बागेत सलोख्याची मोठी सभा भरवली. सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस केलं, १८९५ मध्ये रावबहादूर पदवी दिली. १८९६ च्या शेवटी मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळत होते. लोखंडे थांबले, मराठा हॉस्पिटल उभं करून रोग्यांच्या सेवेत राहिले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. वय पन्नाशीच्याही आत. २००५ मध्ये भारतीय डाक विभागाने त्यांचं तिकीट काढलं.

त्या मुलाला मी अलीकडे पुन्हा उत्तर दिलं. त्याला सांगितलं की कायदा मागितल्याने मिळतो हे मी चुकीचं शिकवलं होतं. कोण मागतंय, कोणाच्या सोयीचं आहे, आणि कागदावर किती सह्या आहेत, हे पाहिलं जातं. तुझ्या आईबापांचा तांडा दर वर्षी वेगळ्या गावात, वेगळ्या मुकादमाकडे, राज्यसुद्धा वेगळं. त्यांच्या सह्या गोळा करायला कोणाला तरी तिथे जावं लागेल. त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारलं की लोखंडेंकडे साडेपाच हजार सह्या कुठल्या वहीत मावल्या असतील. मग आम्ही सगळ्यांनी मिळून हिशोब केला. एका पानावर वीस सह्या, तर पावणेतीनशे पानं.